समस्त गावस कुटुंबीय

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर आठ आठवडे कुठंतरी राबून दाखवावं लागतं. वर्गातल्या निम्म्यांनी बंगळूर-मुंबई गाठली. कुणाला बँक मिळाली, कुणाला औषध कंपनी. माझ्या वाट्याला पणजीतल्या एका मराठी दैनिकाचा जाहिरात विभाग आला. वाट्याला आला म्हणजे तिसऱ्या यादीत तेवढाच उरला होता. दैनिकाचं नाव सांगत नाही. पुढं जे झालं त्यात चूक माझी होती, पण नाव घेतलं तर लोक त्यांनाच बोलतील. ही 2024 च्या एप्रिल-मेमधली गोष्ट.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. घरात कोकणी, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी आणि सकाळचा पेपर मराठी. आमच्याकडे ही खिचडी कुणाला खटकत नाही. बाबा पेपर कात्री घेऊन वाचतात. सरकारी भरतीची जाहिरात दिसली की कापायची आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावायची. मी बारावीत असल्यापासून आमच्या फ्रिजचा मूळ रंग दिसलेला नाही. मी एमबीएला प्रवेश घेऊन आले त्या संध्याकाळीही एलडीसीचं, म्हणजे सरकारी कारकुनाच्या जागेचं, एक ताजं कात्रण लागलेलं होतं. "असूं दे गो, बघायला काय जातं," एवढंच म्हणाले.

त्यांना दोष देता येत नाही. त्यांचा खाणीवर टिपर ट्रक होता. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं 88 लीज रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा ठप्प. ट्रक धडधाकट, चालवणारा धडधाकट, रस्ताही होता तिथंच. भरायला माल तेवढा नव्हता. सगळा धंदा एकाच फाटकातून आत-बाहेर करणाऱ्याचं फाटक बंद झाल्यावर काय होतं, याची केस स्टडी मी वर्गात वाचायच्या आधी अंगणात पाहिली होती. आमचा ट्रक शेवटी मिळेल त्या भावाला गेला. तेव्हापासून बाबांच्या लेखी करिअर म्हणजे महिनाअखेरीस न चुकता जमा होणारा पगार. बाकी सगळी हौस.

साखळीहून माशेल-बाणस्तारीवरून पणजीला जाणारी बस पकडायची, खिडकी मिळाली तर झोपायचं, नाही तर विचार करायचा. जुनं गोवं आलं की मला रोज तो छापखाना आठवायचा. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये जेझुइट पाद्र्यांनी इथं आणला, असं शाळेत पाठ केलं होतं. तो मुळात गोव्यासाठी नव्हताच, जात होता अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत इथं उतरला तो इथलाच झाला. म्हणजे आपल्या माध्यम व्यवसायाची सुरुवातच चुकीच्या पत्त्यावर राहिलेल्या पार्सलनं झाली. मी हे पहिल्या आठवड्यात सरांना सांगितलं. सर म्हणाले, "आणि पेमेंट अजून आलेलं नाही."

सर म्हणजे जाहिरात व्यवस्थापक. पंचवीस वर्षं याच खुर्चीत. खिशात दोन पेनं, टेबलावर तीन फोन, त्यातला एक कायम "साहेब, चेक कधी?" यासाठी. माझ्याकडून त्यांना डिजिटल उत्पन्न वाढवण्याचा आराखडा हवा होता. निदान माझ्या संस्थेला पाठवलेल्या पत्रात तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी मला पहिल्या दिवशी खाली काउंटरवर बसवलं. "आधी पैसे कुठून येतात ते बघ. कुठून यायला पाहिजेत ते नंतर सांग."

काउंटरवर ताई. त्यांच्यासमोर रेटकार्ड, पट्टी, पावतीबुक आणि पाण्याची बाटली. आमच्या मार्केटिंगच्या पुस्तकात ग्राहकाचे जे प्रकार दिले आहेत त्यातला एकही इथं येत नाही. इथं येतात नाव बदलणारे, दहावीची मार्कशीट हरवलेले, वारसाहक्काच्या दस्ताची नोटीस घेऊन आलेले वकिलांचे कारकून. गोव्यात अजून पोर्तुगीज काळातल्या 1867 च्या दिवाणी संहितेची छाया आहे, वाटण्या-वारसा नोंदवायची रीत वेगळी, आणि त्या नोटिसा पेपरात वाचून चुलत-चुलत भाऊ जागे होतात. भूसंपादनाची नोटीसही दोन दैनिकांत द्यावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं लागतं, हे 2013 च्या कायद्यातच आहे. मला वाटायचं पेपर बातम्यांवर चालतो. बातम्यांवर चालतो तो वाचक. पेपर चालतो असल्या बोटभर चौकोनांवर.

आणि निधनवार्तांवर. दुःखद निधन, बाराव्याची सूचना, प्रथम पुण्यतिथी, मग दर वर्षी श्रद्धांजली. फोटो, दोन ओळी, खाली शोकाकुल म्हणून नावांची यादी. हे गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, उधारी मागत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला परत येतं. ज्याला आम्ही वर्गात रिटेन्शन म्हणतो ते इथं आपोआप होत होतं आणि कुणी त्याचा तक्ता करत नव्हतं. मोठ्या जाहिरातींचं उलटं. एजन्सी 15 टक्के कमिशन कापून घेणार, रिलीज ऑर्डर, म्हणजे छापायची लेखी ऑर्डर, संध्याकाळी सातला पाठवणार, जागा पहिल्या पानावरच मागणार आणि पैसे साठ दिवसांनी देते म्हणून शंभराव्या दिवशी फोन उचलणार नाही.

मी गेले तेव्हा निवडणूक होती. गोव्यात मतदान 7 मे ला. आचारसंहिता लागलेली, त्यामुळे कामगिरी मिरवणाऱ्या सरकारी जाहिराती बंद, आणि पक्षांच्या जाहिराती कधी पूर येईल कधी ओढ लागेल अशा. मतदानाच्या आणि आदल्या दिवशी छापायची राजकीय जाहिरात आधी निवडणूक यंत्रणेच्या समितीकडून मंजूर करून आणावी लागते. त्या कागदासाठी एक कार्यकर्ता आमच्याकडे रात्री नऊपर्यंत बसून राहिला होता, समितीकडून फोनवर फोटो यायची वाट बघत. ताईंनी त्याला स्वतःच्या डब्यातली चपाती दिली. फोटो आला नाही. पान दुसऱ्याला गेलं.

वेबसाइटची गोष्ट पाच मिनिटांत संपते. कुणी बातमी उघडली की त्या क्षणी पाठीमागं लिलाव होतो, कुठली जाहिरात दाखवायची हे यंत्र ठरवतं, आणि हजार पानं उघडली की आमच्या हाती जे येतं त्यात पणजीत पातळभाजी-पाव आणि चहा होतो, तोही एकाचाच. वरून छापील जागेवर जीएसटी 5 टक्के आणि तीच जागा वेबसाइटवर विकली की 18. लिलावाला मयत-लग्न कळत नाही. एका ज्येष्ठ कीर्तनकारांच्या निधनाच्या बातमीशेजारी मांडवीतल्या पार्टी बोटीची जाहिरात नाचत होती. मी स्क्रीनशॉट काढून सरांना दाखवला. "आम्ही लावली असती तर आत्तापर्यंत खाली दगड पडले असते," ते म्हणाले. आणि वाचक येतात तेही बहुतेक गूगलवरून किंवा कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून. उद्या गूगलनं रांग बदलली की वाचक गायब. मला टिपर आठवायचा.

तंत्रज्ञानाचं खरं दुखणं वेगळंच होतं. डीटीपी विभागात, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावतात तिथं, मामा बसायचे. खरं नाव वेगळं, पण संपादकापासून शिपायापर्यंत सगळे मामाच म्हणतात. मामांचं सगळं आयुष्य श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये गेलेलं. असल्या जुन्या फॉन्टात 'क' हा संगणकाच्या दृष्टीनं 'क' नसतोच. कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागेवर क चं चित्र बसवलेलं असतं. छापताना सुंदर दिसतं. तोच मजकूर उचलून वेबसाइटवर टाका, कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं यांचा पाऊस. मग तो कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखी कळणारी अक्षरं, करायचा आणि डोळ्यांत तेल घालून तपासायचा, कारण रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि जोडाक्षरं फुटतात. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, तिच्यात देवनागरी होती. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तरी 2024 मध्ये मी रोज दोन तास रफार पकडत बसले होते.

मामांना मी म्हटलं, हे इतकं सोपं असताना बदललं का नाही? मामांनी तंबाखूची गोळी गालात सरकवली. म्हणाले, "आपल्या गोव्यात हे चारशे वर्षांचं दुखणं गो. फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण लिहिलं मराठीत, 1616 साली रायतूरला छापलं रोमी अक्षरांत. का? देवनागरीचे टाइप नव्हते." मग माझ्या फोनकडं बोट दाखवलं. त्यावर मी मैत्रिणीला लिहिलेला मेसेज होता, मराठीत, इंग्रजी अक्षरांत. मी फोन उलटा ठेवला.

आता ती चूक.

मे महिन्यातली संध्याकाळ. ताई रजेवर, काउंटरवर मी एकटी. वाळपईकडून एका माणसानं व्हॉट्सॅपवर निधनाच्या जाहिरातीचा मजकूर पाठवला: वहीच्या कागदावर हातानं लिहिलेलं, त्याचा तिरका फोटो. वर मयताचं नाव आणि तारीख, मधे बाराव्याचा दिवस, खाली शोकाकुल मंडळींची वीस नावं. मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडं, आणि शेवटी समस्त गावस कुटुंबीय. मथळा आणि मधल्या ओळी मामांनी कागदावरून टाइप केल्या. यादी लांब होती म्हणून ती मी घेतली. फोनवर फोटोतला मजकूर उचलला आणि एका चॅटबॉटला दिला, म्हटलं शुद्धलेखन तपासून नीट मांडून दे. वर्गातल्या प्रत्येक असाइनमेंटला हेच करतो आम्ही. दोन सेकंदांत सुरेख यादी आली. 'स्नुशा'चं 'स्नुषा' झालं होतं, 'कै.' नंतर टिंब होतं, चि. आणि सौ. आपापल्या जागी. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी ती मामांना चिकटवायला दिली.

नियम असा की प्रूफवर घरच्यांची सही घ्यायची. घरचे तिकडं लांब वाळपईकडं, सुतकात. मी प्रूफ व्हॉट्सॅपवर पाठवलं. साडेआठला अंगठा आला. सहीच्या जागी अंगठा चालायचा तो काळ गेला असं आपण समजतो. पान सुटलं.

सकाळी सात. बाबा ओटीवर, कात्री, चहा. "वाळपयत गावस्कर कोण गो?" त्यांनी आतल्या आत हसत विचारलं. मला वाटलं क्रिकेटची बातमी. पेपर हातात घेतला. वर ठळक अक्षरांत गावस. खाली, वीस नावांनंतर: समस्त गावस्कर कुटुंबीय.

सत्तरीत गावस म्हटलं की दगड मारावा त्याला लागेल इतके गावस. पण यंत्रानं जे मराठी वाचलेलं असेल त्यात गावसांपेक्षा गावस्कर कितीतरी जास्त असणार. त्याला गावस म्हणजे अर्धवट राहिलेला गावस्कर वाटला आणि त्यानं उपकार म्हणून पुरा केला. 'स्नुशा'ची 'स्नुषा' ज्या तत्परतेनं केली त्याच तत्परतेनं. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी पाय गार पडले.

सात वाजून वीस मिनिटांनी फोन. मयताचे धाकटे भाऊ. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "बाय, आमी गावस. गावस्कर न्हय. सकाळपासून लोक विचारतात, नाव कधी बदललंत म्हणून." नाव बदलाच्या जाहिराती त्याच पानावर खाली असतात, त्यामुळे प्रश्न तसा रास्तच होता. मी म्हटलं, काका, माझी चूक. "प्रूफ आम्हीच बघितलं नाही नीट," ते म्हणाले. त्यावर काय बोलायचं असतं ते एमबीएत शिकवत नाहीत.

ऑफिसात मी सरांना सगळं सांगितलं, चॅटबॉटसकट. मनात एक वाक्य तयार होतं: अंगठा त्यांनी दिलाय, आपल्याकडे पुरावा आहे. ते मी बोलायच्या आधीच सरांनी मामांना फोन लावला, "उद्या तीच परत, फुकट, पहिल्या दिवशीपेक्षा वरच्या जागी." मग माझ्याकडं वळून, "बाराव्याला जाऊन ये." बस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाबा बरोबर आले. मयत माणूस त्यांच्या ओळखीचा निघाला. त्याचेही टिपर होते, दोन. एकाच कोपऱ्यावर दोघं भराईसाठी रांगेत उभे राहिलेले. घर शोधायला लागलंच नाही. अंगणाच्या कडेला एक टिपर अजून उभा होता. टायर जमिनीत रुतलेले, हौद्यातून भोपळ्याचा वेल बाहेर आलेला, आणि तापलेल्या बॉनेटवर सोलं वाळत घातलेली. रतांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, मोसम होता. साल सोलून मीठ लावलेल्या लालभडक वाट्या, ओळीनं, नंबर प्लेटपर्यंत. बॉनेटचा पिवळा रंग रस गळून गळून तपकिरी झाला होता. बाबा तिथं थांबले, एक सोल उचलून चाखलं आणि "मीठ बरोबर आहे" म्हणाले. मग आम्ही आत गेलो.

काकांनी मला सगळ्यांसमोर बसवलं आणि घरातल्या बायकांना ओळख करून दिली: "हीच ती, जिनं आम्हांला गावस्कर केलं." सगळे हसले, बाराव्याच्या दिवशी जितकं हसता येतं तितकं. मी दुसऱ्या दिवशीच्या पेपराच्या पाच प्रती नेल्या होत्या. एका आजीनं त्यातली एक घेतली आणि बोट ठेवून सगळी वीस नावं मोठ्यानं वाचली. शेवटी 'गावस' आल्यावर मान हलवली आणि प्रत घडी घालून देवळीत ठेवली. पहिल्या दिवसाचीही तिथंच होती. ती त्यांनी टाकली नव्हती.

जाताना काकांनी माझा नंबर मोबाइलमध्ये घातला. 'पेपरवाली बाय'.

राहिलेले आठवडे मी आराखडा केला. निधनवार्ता आणि पुण्यतिथ्या ऑनलाइन घ्याव्यात, फॉर्म असावा, दर वर्षी आठवणीचा मेसेज जावा, जुनी पानं शोधता यावीत, परदेशातल्या मुलांना लिंक पाठवता यावी. आमच्या भागातल्या किती घरांत कुणीतरी लंडनला किंवा आखातात आहे ते बघता ही कल्पना वाईट नव्हती, अजूनही नाही. नावांना यंत्रानं हात लावायचा नाही, ही अट मी ठळक केली. सरांनी पूर्ण ऐकलं. "फॉर्म भरताना अडलं तर?" हेल्पडेस्क, मी म्हटलं. "म्हणजे ताई." म्हणजे ताईच. त्यांनी हसून फाइल ठेवून घेतली. संस्थेत मला ए मिळाला. प्राध्यापकांना सगळ्यात आवडली ती ओ हेराल्डोची स्लाइड: 1900 मध्ये पोर्तुगीजमध्ये निघालेलं दैनिक, पोर्तुगीज गेल्यावर बावीस वर्षांनी, 1983 मध्ये, इंग्रजी झालं. मी तिथं 'पिव्हट', म्हणजे धंद्यानं चपळाईनं दिशा बदलणं, असा शब्द वापरला होता. बावीस वर्षं वाट पाहून केलेल्या गोष्टीला पिव्हट म्हणावं का याची मला आजही शंका आहे, पण गुण मिळाले.

दुसऱ्या वर्षी प्लेसमेंट. पुण्यातल्या एका कंपनीची पहिली फेरी माणसाशी नव्हती. लिंक येते, कॅमेरा सुरू होतो, पडद्यावर प्रश्न येतो, विचाराला तीस सेकंद, उत्तराला दोन मिनिटं, मग आपोआप बंद. समोर फक्त आपलंच तोंड. वर्गात अफवा अशी की हसलं की गुण वाढतात. हायरव्ह्यू नावाच्या अमेरिकी कंपनीनं चेहरा जोखणं बंद केल्याचं 2021 मध्येच जाहीर केलं होतं. आमच्या लिंकमागं कुठलं यंत्र होतं आणि ते काय बघत होतं ते आम्हांला कुणी सांगितलं नाही, म्हणून सगळे सगळा वेळ हसत होते.

माझी मुदत संपत होती नरकासुराच्या आदल्या रात्री. ज्यांनी गोव्यातली दिवाळी पाहिली नाही त्यांना हे कळायचं नाही. वाड्यावाड्यावर पोरं पंधरा-वीस फुटांचा कागदाचा राक्षस उभा करतात, पहाटे जाळायचा असतो, आणि जाळेपर्यंत त्याच्याशेजारी स्पीकरच्या भिंती. आमच्या घरापासून नरकासुर पन्नास पावलांवर. मी मागच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, तांदळाच्या पिंपावर लॅपटॉप ठेवून बसले. इंटरनेट मात्र छान होतं, कारण सगळी पोरं बाहेर होती.

तिसरा प्रश्न: तुमची एक चूक सांगा. मी गावसांची गोष्ट सांगितली. इंग्रजीतून, भसाभसा, मधेच ढोल. अंगठा, बारावं, सोलं. काकांच्या वाक्यापर्यंत आले, "आम्ही गावस, गावस्कर नव्हे," तेवढ्यात दोन मिनिटं संपली. शेवट राहिलाच. मी पडद्यावर तोंड उघडं टाकलेली मी बघत राहिले आणि चौथा प्रश्न आला: पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?

पुढची फेरी जिवंत माणसाशी झाली. एक मॅडम, पुण्याहून, समोर माझ्या उत्तरांची यंत्रानं उतरवलेली प्रत. त्या म्हणाल्या, तुमची पेपरची गोष्ट आवडली, पण एक वाक्य मला लागलं नाही. मग त्यांनी ते वाचून दाखवलं: "आम्ही गावस्कर, गावस्कर नव्हे."

मला हसू आवरेना. मुलाखतीत इतकं हसू नये. मी त्यांना सांगितलं, बघा, तुमच्याकडेही तोच बसलाय. मॅडमनी वाक्य पुन्हा वाचलं, पेन खाली ठेवलं आणि त्याही हसल्या. त्यांचं माहेरचं आडनाव दर वेळी रेल्वेच्या तिकिटावर चुकतं, असं त्यांनी सांगितलं. नोकरी मिळाली. त्या हसण्यानं मिळाली की ठेवलेल्या गुणांनी, ते मला कुणी सांगणार नाही. बाबांनी पगाराचा आकडा विचारला, मग कंपनी किती वर्षांची ते विचारलं, मग तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण ते. हा तिसरा प्रश्न कंपनीच्या सादरीकरणात आमच्या बॅचमधल्या एकानंही विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मी मॅडमना मेल करून विचारलं. उत्तर आलं: तीन मोठी गिऱ्हाइकं, मिळून निम्म्याहून जास्त धंदा. "तीन फाटकं," बाबा म्हणाले. "एकापेक्षा बरं." कात्रणं फ्रिजवर अजून आहेत.

2025 च्या मे महिन्यात मी पुण्याला रुजू झाले. काम असं की गिऱ्हाइकानं ठरवलेली जाहिरात ठरल्या जागी, ठरल्या वेळी, ठरल्या माणसांना दिसली का हे दिवसभर आकड्यांत बघायचं. चुकीच्या ठिकाणी दिसली तर एक खूण करायची, रक्कम वळती होते. दुसऱ्या दिवशी तीच परत वरच्या जागी छापणं वगैरे काही नाही. कोणाला दिसली होती तेही कळत नाही. वाईट काम नाही. खुर्ची चांगली आहे.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी जेवून आले तर व्हॉट्सॅपवर एक फोटो. वहीचा कागद, तिरका. वर लिहिलेलं: प्रथम पुण्यतिथी. खाली मेसेज: "बाय, नीट बघून दे. गावस." मी तिथं आता नाही, पुण्यात असते, हे त्यांना कळवावं म्हणून टाइप करायला घेतलं, मराठी, इंग्रजी अक्षरांत. मग खोडलं. खाली कॅन्टीनच्या कोपऱ्यात जाऊन बसले, देवनागरी कीबोर्ड लावला आणि यादी हातानं टाइप केली, एकेक नाव कागदाशी ताडून. झाल्यावर मोजली. एकवीस.

परत मोजली. गेल्या वर्षी वीस होती, मला पाठ होती. कागद मोठा करून बघितला. नातवंडांच्या ओळीत शेवटी, दुसऱ्या पेनानं, मागाहून घातलेलं एक नाव होतं, चि. लावून. मी ते जसंच्या तसं लिहिलं आणि मामांना पाठवलं.

मामांचा अंगठा आला. मी फोन लावून त्यांना मोठ्यानं वाचायला लावलं.